तारखेप्रमाणे वाचलेली कादंबरी (मोठ्या मुलांना पुस्तक वाचून दाखवताना)

१४ जुलैला सुरू केलेली कादंबरी नोव्हेंबरात संपली. मोठ्याने वाचून दाखवली, आणि ऐकणारी मुलं अकरा ते पंधरा वयाची. या वयाच्या पोरांना कोणी गोष्ट वाचून दाखवतं का, त्यांना वाचता येतं ना, असं बऱ्याच जणांनी तोंडावर विचारलं, त्यात बायको पहिली. मलाही खात्री नव्हतीच. कोणाला करून बघायचं असेल तर काय काय लागतं, कुठे अडतं, किती खर्च येतो हे एका ठिकाणी असावं म्हणून लिहितोय. लांबलंय जरा, चालवून घ्या.

पुस्तक कोणतं ते आधी. वीरा हिरानंदानी या अमेरिकन लेखिकेची 'द नाइट डायरी', २०१८ ची. २०१९ मध्ये तिला न्यूबेरी ऑनर मिळाला. न्यूबेरी म्हणजे अमेरिकेतल्या ग्रंथालयांची जी मोठी संघटना आहे ती बालसाहित्यासाठी देते तो पुरस्कार, १९२२ पासून चालू आहे. दरवर्षी मेडल एकाच पुस्तकाला आणि ऑनर मोजक्याच पुस्तकांना. ऑनर म्हटलं की आपल्याला उत्तेजनार्थ बक्षीस आठवतं, पण तसं नाही, त्याला तिकडे चांगलाच मान आहे.

गोष्ट १९४७ ची, सिंधमधल्या मीरपूरखासची. निशा आणि अमिल ही जुळी भावंडं, वडील हिंदू आणि डॉक्टर, आई मुसलमान, ती मुलांच्या जन्माच्या वेळीच गेलेली. घरात आजी आणि काझी नावाचा स्वयंपाकी. निशा घरच्यांशी सोडून कोणाशी फारशी बोलत नाही. बाराव्या वाढदिवसाला काझी तिला एक वही देतो आणि त्या वहीत ती रात्री आईला पत्र लिहिते. मग फाळणी होते, घर सोडावं लागतं. लेखिकेच्या वडिलांचं कुटुंब खरोखरच मीरपूरखासहून जोधपूरला आलेलं, पण गोष्टीतली माणसं काल्पनिक आहेत.

हेच का निवडलं तर आम्ही अंबरनाथला राहतो. रोज लोकलने उल्हासनगर, विठ्ठलवाडी ओलांडतो. "कॅम्प चारला काम आहे", "कॅम्प पाचला स्वस्त मिळतं" हे लहानपणापासून बोलत आलोय. मागे एकदा रिक्षात मुलाने विचारलं, बाबा कॅम्प म्हणजे कसला कॅम्प, स्काउटचा? मी म्हटलं लष्कराचा होता, दुसऱ्या महायुद्धातला, मग तिथे सिंधी निर्वासित आले. त्यावर तो म्हणाला, "कुठून?" आणि मी सिंधमधून असं सांगितल्यावर गप्प बसला. घरी येऊन भारताच्या नकाशावर शोधत बसला. राष्ट्रगीतात आहे म्हणजे नकाशात असणारच असा त्याचा हिशेब.

पुस्तक मागवायला वेळ लागला. ठाण्याच्या एका दुकानात नव्हतं, ऑर्डर देऊन दोनेक आठवडे थांबलो, साडेचारशे रुपये. ऑनलाइन थोडं स्वस्त होतं पण मला आधी चाळून बघायचं होतं. एकच प्रत घेतली. प्रत्येकाच्या हातात पुस्तक असलं की मुलं पुढची पानं उलटतात आणि वाचणाऱ्याचे उच्चार तपासत बसतात, म्हणून.

आधी मी एकटा पूर्ण वाचून काढलं, हे कोणीही टाळू नका. या पुस्तकात माणसं मरतात, तहानेने जीव जायची वेळ येते, एका प्रसंगात चाकू आहे. बारा वर्षांच्या मुलांसाठीच लिहिलंय, उगाच रक्त सांडलेलं नाही, पण तुम्हीच पुढच्या पानावर दचकलात तर ऐकणारी दुप्पट दचकतात. मी पेन्सिलीने समासात खुणा केल्या, कुठे थांबायचं, कुठे न थांबता पुढे जायचं.

आणि त्या वाचनातच एक गोष्ट सुचली. पुस्तक डायरीचं, प्रत्येक नोंदीवर तारीख. पहिली १४ जुलै, तेव्हापासून नोव्हेंबरपर्यंत. तेव्हा मे महिना संपत आला होता. म्हटलं सुट्टीत धडाधड वाचून संपवण्यापेक्षा थांबू, आणि १४ जुलैपासून ज्या तारखेची नोंद त्या तारखेला वाचू. कालनिर्णयवर नोंदींच्या दिवशी पेन्सिलीने टिंबं केली. टिंब नसेल त्या दिवशी वाचन नाही. पुस्तक कपाटात वरच्या खणात.

१४ जुलै सोमवार होता. जेवणं झाल्यावर नऊला बसलो. मुलगी नववीत, तिने एका कानात इअरफोन ठेवूनच बसायचं कबूल केलं. मुलगा सहावीत, तो तयार होता पण कॅरम बंद होणार म्हणून नाराज. मी काही बोललो नाही. मोठ्या मुलांच्या बाबतीत हे लक्षात ठेवा, त्यांना "बसा, मांडी घाला, इकडे बघा" केलं की संपलं. लोळू दे, भिंतीकडे तोंड करू दे. उलट हाताला काहीतरी चाळा असला की ऐकणं बरं होतं. आमच्याकडे वाळलेले कपडे घडी करायचं काम त्या वेळेला लावलं, नंतर नंतर शेंगा सोलणं, लसूण सोलणं. बायकोचा विरोध इथे मावळला.

वाचायचं इंग्रजीत, पण घरात आम्ही मराठी बोलतो. माझं इंग्रजी ऑफिसचं आहे, मेल लिहायचं, गोष्ट सांगायचं नाही. पहिले काही दिवस माझ्याच कानाला कृत्रिम वाटत होतं. मग आवाज बदलायचा नाद सोडला, काझीचा वेगळा, आजीचा वेगळा असं काही नाही, सरळ एका आवाजात आणि सावकाश. आपल्याला वाटतं त्याच्या निम्म्या वेगाने वाचलं की बरोबर होतं. पंचवीस मिनिटांच्या वर गेलो नाही कधी. घसा बसतो आणि मुलांचंही लक्ष उडतं.

दहाएक दिवसांत मुलाचे मित्र यायला लागले. आधी बी विंगमधला एक, मग त्याची बहीण, मग ती दोघं कुठे जातात ते बघायला आणखी. महिनाअखेर सात-आठ जण. त्यातला एक मराठी शाळेतला, नववीत, इंग्रजी भरभर कळत नाही असं त्यानेच सांगितलं. मग पद्धत अशी बसली की पान-दीड पान इंग्रजीत, आणि मध्ये थांबून चार वाक्यांत मराठीत काय झालं ते. हे मराठीचं काम माझ्याकडून हळूहळू मुलीकडे गेलं. इअरफोन कधी गेला ते कळलं नाही.

आणखी एक मुलगा होता, सातवीतला. त्याला वाचायला त्रास होतो, अक्षरं उलटसुलट दिसतात, त्याची आई लर्निंग डिसॅबिलिटीच्या सर्टिफिकेटसाठी सरकारी हॉस्पिटलच्या फेऱ्या मारतेय, तारखेवर तारीख. मला हे आधी माहीत नव्हतं. आता पुस्तकातला अमिलही तसाच आहे, हुशार, चित्रं सुंदर काढतो, पण अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे जागेवर राहत नाहीत आणि वडील त्याच्यावर चिडतात. हे वाचलं तेव्हा हा मुलगा शेंगा सोलत होता तो थांबला. "मला पण असंच होतं," एवढंच म्हणाला. कोणी काही बोललं नाही, माझा मुलगा फक्त "हो का" म्हणाला आणि मी पुढे वाचलं. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांत आधी आला आणि नंतर एकही टिंब चुकवलं नाही. वर्गात सगळी पोरं ज्या पुस्तकावर बोलतात ते आपण वाचलेलं नसतं असा त्याचा आजवरचा अनुभव, इथे तो सगळ्यांच्या बरोबर होता, कारण वाचणारा मी एकटाच. मोठ्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्याचं दुसरं कुठलं कारण नसलं तरी हे एक पुरेसं आहे असं माझं मत झालंय.

आमचं घर वन बीएचके. सात-आठ पोरं, दारात चपलांचा ढीग, म्हणून सोसायटीचा हॉल मागितला. आता हा भाग नीट सांगतो कारण बहुतेकांना इथेच अडेल. सेक्रेटरींना साधा अर्ज दिला. ते म्हणाले कमिटीपुढे ठेवावा लागेल, मीटिंग १० ऑगस्टला. तिथे पहिला प्रश्न, क्लास आहे का? दुसरा, फी किती घेणार? म्हटलं क्लास नाही, फी नाही, गोष्ट वाचतो. मग फी न घेता कशासाठी, असा तिसरा. हॉलचा दर वाढदिवसाला पाचशे आहे, तो लावायचा की नाही यावर वीस मिनिटं गेली. एका सदस्यांनी स्टॅम्पपेपरवर हमीपत्र घ्या म्हटलं. आता शंभरचा स्टॅम्पपेपर २०२४ च्या ऑक्टोबरपासून बंद, किमान पाचशेचा, म्हणजे गोष्ट ऐकवायला पाचशेचं मुद्रांक शुल्क. हे सांगितल्यावर साध्या कागदावर आले. हमीपत्रात असं: फी घेणार नाही, खाद्यपदार्थ आणणार नाही, एसी लावणार नाही, पंखे-दिवे बंद करून दहाच्या आत चावी वॉचमनकडे. शिवाय हजार रुपये डिपॉझिट, चेकने. अर्जात पहिल्या ओळीतच "विनामूल्य, केवळ सोसायटीतील मुलांसाठी" असं लिहिलं असतं तर निम्मी चर्चा वाचली असती, तुम्ही लिहा. आणि पोच घ्या.

पालकांना व्हॉट्सॲपवर आधीच कळवलं होतं, पुस्तक कुठलं, विषय काय, कुठले प्रसंग जड आहेत. बहुतेकांनी अंगठा दाखवला. एका घरातून फोन आला, हिंदू-मुस्लिम विषय मुलांपुढे कशाला, उगीच डोक्यात भरतं. मी प्रत्यक्ष गेलो, पुस्तक वाचायला देतो म्हटलं, दोन्ही बाजूंनी माणसं मारली गेली आणि दोन्ही बाजूंनी वाचवलीही गेली असंच त्यात आहे हे सांगितलं. नाही पटलं. मुलाला पाठवणं बंद केलं. त्यांचं घर, त्यांचा निर्णय, मी परत विषय काढला नाही. पण तो मुलगा लिफ्टमध्ये भेटला की मला विचारायचा, "काका, पोचले का ते?" सप्टेंबरभर विचारत होता. मी "अजून नाही" म्हणायचो, खरंच पोचले नव्हते.

१५ ऑगस्टला सकाळी खाली झेंडावंदन, लाडू, देशभक्तीची गाणी, आणि रात्री हॉलमध्ये वाचन. तिथे मुलांना पहिल्यांदा कळलं की ज्या दिवशी आपल्याकडे मिठाई वाटतात त्या दिवशी पुस्तकातलं एक घर आवराआवर करायचं की नाही यावर अडलंय. मराठी शाळेतल्या मुलाने त्याचं इतिहासाचं जुनं पुस्तक आणलं होतं. फाळणी त्यात आहे, पण थोडक्यात उरकलेली. मग मी एकच जास्तीची गोष्ट सांगितली. सीमा ठरवायला आलेले रॅडक्लिफ ८ जुलैला भारतात पोचले, त्याआधी ते इथे कधी आले नव्हते, आणि त्यांनी आखलेली पंजाब-बंगालची रेघ जाहीर झाली १७ ऑगस्टला. म्हणजे दोन्हीकडे झेंडे आधी लागले आणि सीमा दोन दिवसांनी कळली. "मग पंधरा तारखेला तिथल्या लोकांनी कुठला झेंडा लावला?" असं बी विंगमधल्या मुलीने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, तसं सांगितलं. सिंधचं वेगळं, तो प्रांत अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला, मध्ये रेघ नाही. त्यामुळे बंगाल्यांना, पंजाब्यांना निदान आपल्या प्रांताचा एक तुकडा इकडे मिळाला, सिंध्यांना तोही नाही. म्हणून नकाशात सापडत नव्हतं.

आणि हा सिंध १९३६ पर्यंत आपल्याच मुंबई इलाख्यात होता हे ऐकून पोरं चाट पडली. कराचीत मराठी माणसं भरपूर होती. तिथली एक जुनी शाळा अजूनही एन. जे. व्ही. या नावाने चालते, ते एन. जे. व्ही. म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य, शिक्षण खात्यातले मराठी गृहस्थ. अशी माहिती सांगायची हौस मला फार आहे, पण आवरली. आठवड्यातून एखादी. मोठी मुलं शाळेचा वास लगेच ओळखतात.

म्हणूनच एक नियम पाळला, पूर्ण चार महिने: वाचून झाल्यावर प्रश्न विचारायचे नाहीत. "कळलं का", "यातून काय शिकलो", "निशाच्या जागी तू असतास तर" हे काही नाही. पुस्तक मिटायचं, उठायचं. बोलायचं असेल तर ती बोलतात, आणि बोलतात ती भलत्याच वेळी, जिन्यात, स्कूटरवर मागे बसून, दात घासताना. मुलाने एकदा आंघोळीला जाता जाता विचारलं की काझीला बरोबर का नाही नेलं, तो पण घरचाच ना. टॉवेल खांद्यावर, पाच मिनिटं तसाच उभा.

ऑगस्टच्या शेवटाकडे कुटुंब चालत निघालेलं असतं आणि पाणी संपतं. बाहेर धो धो पाऊस, हॉलच्या खिडक्यांतून फवारे आत येतायत, एका कोपऱ्यात मखराचे पुठ्ठे रचलेले, आणि इथे वाळवंटात घोट घोट मोजणं चाललंय. अमिलची तब्येत बिघडत जाते. त्या नोंदीत मी खुणेच्या जागी थांबलो, पुढचं पुढच्या तारखेला. पोरांनी दंगा केला. एकच पान, काका. मी नाही म्हटलं, निशाला तरी कुठे पुढचं माहीत होतं. सगळे चिडून घरी गेले. पण मला एक दिसलं, माझी मुलगी दंग्यात नव्हती. ती बाकीच्यांच्या मागे उभी राहून त्या सातवीतल्या मुलाला पाण्याची बाटली देत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मुळीच काळजी नव्हती. तेव्हा कळलं, वरच्या खणातून काढून बाईसाहेबांनी पुस्तक कधीच संपवलंय. तिने शेवटपर्यंत कोणाला एक अक्षर सांगितलं नाही, भावालासुद्धा, आणि मीही तिला विचारलं नाही.

चाकूचा प्रसंग दारं लावून, लहानातल्या लहान मुलाला शेजारी बसवून वाचला. न थांबता, पुढची शांत नोंद लगेच जोडून. झोपायच्या आधी असलं काही वाचायचं तर तेवढी सवलत घ्यावी, तारखेचा हट्ट तिथे सोडला.

गणपतीत हॉल मंडळाकडे, त्यामुळे पुन्हा आमच्या घरी. २७ ऑगस्टपासून विसर्जनापर्यंत वाचन विस्कळीत, आरत्या आणि वाचन एकाच वेळेला येत होतं. सप्टेंबरात घटक चाचण्या. या काळात गोष्टीत ती मामाच्या घरी थांबतात. मामा जन्मापासून ओठ दुभंगलेले, बोलत नाहीत, पाटीवर लिहून सांगतात. इथे गोष्ट संथ आहे, मला वाटलं पोरं गळतील. झालं उलट. त्यांनी दोन दिवस आपसात पाटीवर लिहून बोलायचा खेळ काढला, घरात इतकी शांतता मी दहा वर्षांत ऐकली नव्हती. आणि आईची जुनी चित्रं निशाला त्या घरात सापडतात, तो भाग त्यांनी परत वाचायला लावला. परत वाचायला लावलेला तो एकच भाग, ना चाकूचा ना तहानेचा.

ऑक्टोबरात सहामाही, मग दिवाळी २० च्या आसपास. तारखा पाळणं जमेना. साचलेल्या नोंदी रविवारी एकदम वाचायच्या असं ठरवलं, कोणाची तक्रार नव्हती.

परीक्षा संपल्यावर एका रविवारी उल्हासनगरला गेलो. माझ्या ऑफिसातल्या एका मित्राची आई तिथे कॅम्पात राहते, सत्तेचाळीसमध्ये नऊ वर्षांची होती. आधी फोन करून विचारलं, मुलं आली तर चालेल का, विषय काढला तर त्रास होईल का. हे विचारल्याशिवाय जाऊ नका. रिटर्न तिकिटं, येताना दाल पकवान, सगळ्यांचे मिळून सहाशेच्या आत भागलं. जाताना ट्रेनमध्ये एवढंच सांगितलं की कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं ८ ऑगस्ट १९४९ ला, गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी आले होते.

मुलं पुस्तक डोक्यात घेऊन गेलेली. मुलीने पहिलंच विचारलं, तुम्ही किती दिवस चालत आलात? आजी म्हणाल्या, "पैदल कौन आया? जहाज से आए. टिकट निकाल के." कराचीहून बोटीने मुंबई, गोदीतून रेल्वेने कल्याण. बोटीत उलट्या झाल्या हेच त्यांना सगळ्यांत लख्ख आठवत होतं. मारामारी बघितली का, तर नाही, ऐकली. मुलांचे चेहरे जरा पडले. मग त्या बराकींबद्दल बोलायला लागल्या आणि थांबेनात. एकेका लांबलचक बराकीत कित्येक कुटुंबं, मध्ये भिंत नाही, गोणपाटाचे नाहीतर जुन्या साड्यांचे पडदे, पलीकडच्या घरात कोण काय बोललं ते सगळं ऐकू यायचं. रेशनची रांग, पाण्याची रांग, संडासची रांग. "वहाँ नौकर थे, यहाँ मैं लाइन में खड़ी." आईने पापड लाटून विकले. वडील वर्षभर नुसते खाटेवर बसून राहिले, काही बोलायचे नाहीत. एवढं सांगून त्यांनी एकदम विषय बदलला आणि एकेकाला परीक्षेत किती टक्के पडणार ते विचारायला लागल्या. मराठी शाळेतल्या मुलाला गणितावरून चांगलंच झापलं. आम्ही तासाभराने निघालो.

ट्रेनमध्ये सातवीतला मुलगा म्हणाला, पुस्तकातल्या बाबांना पण असं खाटेवर बसायला वेळ मिळाला असता तर ते बसले असते का. त्यावर अंबरनाथ येईपर्यंत दोन गट पडून वाद चालू होता. मी खिडकीतून बाहेर बघत होतो, मध्ये पडलो नाही.

दिवाळीनंतर हॉल परत मिळाला आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटची नोंद वाचली. शेवट सांगत नाही. पुस्तकाचा पुढचा भाग २०२४ मध्ये आलाय, पण त्याचं नाव मुद्दाम इथे देत नाही, नावातच गोम आहे. पहिला भाग संपेपर्यंत मुलांना गुगल करू देऊ नका. लिफ्टमधल्या मुलाला मी पुस्तक दिलं नाही, त्याच्या घरच्यांना न विचारता ते बरं दिसलं नसतं. पण त्याला सगळं माहीत झालंय असं दिसतं, परवा त्याने आपणहून सांगितलं की काझीचं त्याला आवडलं. कोणाकडून कळलं ते मी विचारलं नाही.

खर्चाचं विचाराल तर पुस्तक साडेचारशे, उल्हासनगरची सहल सहाशे, हमीपत्राची झेरॉक्स, आणि हॉलच्या दोन ट्यूब गेल्या त्या मीच आणून बसवल्या कारण डिपॉझिटमधून कापू म्हणत होते. डिपॉझिटचा चेक त्यांनी बँकेत भरलेला असल्याने परत मिळायला तीन आठवडे गेले, खजिनदार गावाला होते. चेक देताना "अनामत, परत करण्यायोग्य" असं लेखी घ्या.

पुढचं पुस्तक मराठीच घ्यायचं असं पोरांनी बहुमताने ठरवलंय, साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेली नावं मुलगी काढतेय आणि वाचणार तीच आहे. मला कपडे घडी करायला बसवणार आहेत. हॉलसाठी अर्ज पुन्हा नव्याने करावा लागेल, कमिटी बदलली आहे.